या मॉडेलला आता अपडेट नाही

नऊ वर्षांच्या फोनला म्हातारा म्हणतात, हे मला घटस्थापनेच्या दिवशी दुकानात कळलं. माझ्या घरातला मिक्सर सतरा वर्षांचा आहे, पंखे तीस वर्षांचे, मी स्वतः चौसष्टचा, आणि सगळे आपापलं काम करतोय. पण काउंटरवरच्या माणसाने माझा फोन हातात घेऊन असा उलटापालटा करून पाहिला, की मला वाटलं हा आता विचारणार, काका, कुठल्या खोदकामात सापडला?

तसं तो म्हणाला नाही. भला माणूस होता बिचारा. नवा फोन खोक्यातून काढला, मुहूर्ताचं गिऱ्हाईक म्हणून त्यावर कुंकवाचं बोट टेकवलं, दोन्ही फोन शेजारीशेजारी ठेवले आणि पाच मिनिटांनी म्हणाला, "काका, फोटो आले, नंबर आले. ते बोलायचं अ‍ॅप काही येत नाही. 'या मॉडेलसाठी स्थलांतर सेवा ३० सप्टेंबरला बंद झाली आहे' असं दाखवतंय."

"फोटो गेले खड्ड्यात," मी म्हणालो. "मला तेवढंच अ‍ॅप पाहिजे. परत करून बघा."

त्याने परत केलं. चार वेळा केलं. माझं लक्ष घड्याळाकडे होतं, कारण तो फोन मी घरातून फक्त तासाभरासाठी आणला होता. तो फोन म्हणजे माझ्या बायकोचं तोंड होतं. निघताना ती त्यातूनच म्हणाली होती, "तासाभरात या. शालनशी भांडण अर्धं राहिलंय."

उज्ज्वला, माझी बायको, कराडच्या एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत तेवीस वर्षं बसली. माइकवर गाड्या पुकारायच्या आणि खिडकीशी हुज्जत घालणाऱ्यांना गप्प करायचं, दोन्ही एकाच आवाजात. बावन्नाव्या वर्षी तिची जीभ जड व्हायला लागली. आधी वाटलं दातांचं काहीतरी, मग वाटलं थायरॉइड. पुण्याच्या डॉक्टर सबनीसांनी सांगितलं, की स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या नसा मरत चालल्यात आणि हे थांबवता येणार नाही. हात जातील, पाय जातील, बोलणं जाईल, पुढे श्वासाला मशीन लागेल. डोकं मात्र शेवटपर्यंत लख्ख राहील. हे शेवटचं त्यांनी पेढे वाटावेत तसं सांगितलं.

टिकलीचं त्यांनीच सुचवलं. टिकली हे आमच्या घरातलं नाव, ते तिला इम्प्लांट म्हणतात. कांद्याच्या पापुद्र्याएवढा पातळ तुकडा, त्यावर पाचशेच्या वर बारीक टोकं. मेंदूच्या ज्या भागातून जीभ, ओठ आणि घसा हलवायचे हुकूम निघतात, तिथे तो कवटीच्या आत ठेवतात. माणसाने 'पाणी' म्हणायचं मनात आणलं की हुकूम निघतोच, पुढची नस मेलेली असली तरी. टिकली तो हुकूम टिपते आणि हातभर अंतरावरच्या फोनला कळवते. फोन त्याचा अर्थ लावतो आणि बोलतो. मी आयटीआयमध्ये तीस वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं, मला हे एका बैठकीत समजलं. उज्ज्वलाला मी सांगितलं, टिकली म्हणजे माइक आणि फोन म्हणजे दुभाषा.

पण दुभाष्याला भाषा शिकावी लागते. प्रत्येकाच्या डोक्यातलं 'पाणी' वेगळं असतं. तेव्हा उज्ज्वला अडखळत का होईना बोलत होती. तीन महिने रोज दोन तास तिने ठरलेली वाक्यं वाचली. तोंडातून आलेला शब्द आणि डोक्यातून निघालेला हुकूम, फोन दोघांची जोडी लावत गेला. नंतर तिचं तोंड पूर्ण बंद पडलं, तोवर फोन तयार झाला होता. पुढे आजार सरकत गेला तसे तिच्या डोक्यातले हुकूमही बदलत गेले, आणि फोन रोज थोडा थोडा त्यांच्या मागे जात राहिला. आवाज तिचाच ठेवला होता, स्टँडवरच्या जुन्या टेपांवरून काढलेला. पण आवाज काय, कुठेही बनवून मिळतो. खरी गोष्ट होती ती ही नऊ वर्षांची ओळख, आणि ती त्या एका फोनच्या चिपमध्ये कुलूप लावून ठेवलेली होती. माणसाच्या डोक्यातलं कुणी चोरू नये म्हणून कुलूप, आणि किल्ली कंपनीकडे. तेव्हा मला ही व्यवस्था फार शहाणपणाची वाटली होती.

फोनमधून ती पहिल्यांदा मनाने बोलली ते वाक्य होतं, "अहो, शर्टाचं बटण लावा." एवढ्याला तिला अर्धं मिनिट लागलं आणि कपाळावर घाम आला. त्याच दिवशी मी ठरवलं, की ही या यंत्रातून जे म्हणेल ते करायचं, उलट बोलायचं नाही. त्याआधी पंचवीस वर्षं मी हिच्याशी चहात साखर किती घालायची यावरून भांडलोय. पण नऊ वर्षं तिचं एक वाक्य मी मोडलं नाही. मोडलं असतं तर बरं झालं असतं, हे आता कळून काय उपयोग.

कंपनीचा मेसेज तीन सप्टेंबरला आला होता. 'आपल्या मॉडेलसाठी अपडेट ३० सप्टेंबरनंतर उपलब्ध नसतील. सुरळीत अनुभवासाठी नवीन फोनवर या.' त्याच्या वर विम्याची जाहिरात, खाली गणपतीनिमित्त भरघोस सूट. टिकलीचं नाव नाही, बोलण्याचं नाव नाही. शेवटी एक लिंक होती, तिच्या आत एक्केचाळीस पानं होती. ती मी नंतर वाचली, एकोणतिसाव्या पानावर सगळं लिहिलेलं होतं. पण अपडेट बंद म्हणजे काय, हे आपल्याला वाटतं आपल्याला माहीत आहे. माझा स्वतःचा फोन चार वर्षं अपडेटशिवाय चालतोय. बँकेचं अ‍ॅप कुरकुरतं, बाकी कुणाचं काही अडत नाही. मला वाटलं हेही तसंच असणार.

आमची लेक ऋतुजा नाशिकला असते. तिने फोनवर सांगितलं, "बाबा, या वेळी टाळू नका. आईचा नवा फोन लगेच घ्या." मी हो म्हणालो. पण घरात गणपती होते, माणसांचा राबता होता. गणपती गेल्यावर एका सकाळी चप्पल घालून निघालो, तर पलंगावरून आवाज आला.

"कुठं निघालात?"

"तुझा फोन आणायला."

"पक्ष लागला. आईंचा म्हाळ नवमीला आहे. पितरं घरात असताना नवी वस्तू आणायची नाही."

"अगं, फोन आहे तो. सोनं नव्हे."

"आणि त्यातून बोलायचंय मला. असल्या दिवसांत आणलेल्या तोंडानं बोलू? घटस्थापनेला आणा."

आईंचा म्हणजे माझ्या आईचा. मी स्वतः यातलं काही मानत नाही. ग्रहणाच्या दिवशी वर्गात वडापाव मागवून पोरांना खायला लावणारा माणूस मी. पण तिचं वाक्य मोडायचं नाही हे ठरलेलं. दुकानदाराला फोन केला तर तोही म्हणाला, "काका, पक्षात कोण फोन घेतंय? माळ बसली की या, नवा माल येतोय." मी चप्पल काढली आणि परत पेपर वाचत बसलो.

नवमी तीस तारखेलाच होती. उज्ज्वलाने पलंगावरून सगळा स्वयंपाक केला, म्हणजे शालनकडून करवून घेतला. शालन दिवसभर तिच्याजवळ असते, तिचं मशीन, नळ्या, अंग पुसणं सगळं बघते. भोपळा, गवार, खीर, वडे. पीठ सैल झालं म्हणून शालनला तीनदा बोलणी बसली. दुपारी गच्चीवर पान ठेवलं, कावळा लगेच शिवला. "बघा, आई खूश," उज्ज्वला म्हणाली. त्याच दिवशी कंपनीने तो सर्व्हर बंद केला.

तर घटस्थापनेला, दुकानाच्या पायरीवर बसून मी कंपनीला फोन लावला. उचलला यंत्राने. इतकं शुद्ध मराठी आमच्या शाळेतल्या गुरुजींनाही येत नव्हतं. "श्रीरंगजी, आपली अडचण आम्ही समजू शकतो," ते म्हणालं. मी म्हणालो, माणूस द्या. ते म्हणालं, नक्कीच, आणि सनई लावली. अकरा मिनिटांनी एक बाई आली. तिचा आवाज खरा होता, दमलेला.

मी सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सर, अजून एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी."

गोष्ट अशी होती. काही वर्षांपूर्वी परदेशात कुणीतरी एका बाईच्या इम्प्लांटमध्ये घुसून तिच्या तोंडून भलतंच वदवलं होतं. तेव्हापासून प्रत्येक टिकलीला शिकवलं गेलं, की फोनने कंपनीचा ताजा शिक्का दाखवला तरच त्याच्याशी बोलायचं. तो शिक्का अपडेटमधून येतो आणि पंचेचाळीस दिवस चालतो. अपडेट बंद, म्हणजे शिक्का बंद. शेवटचा शिक्का तीस सप्टेंबरचा. म्हणजे चौदा नोव्हेंबरला टिकली या फोनला ओळख दाखवायची थांबणार होती, आणि दुसरा कुठलाही फोन उज्ज्वलाची भाषा जाणत नव्हता.

"हे तुमच्या मिसेसच्याच सुरक्षिततेसाठी आहे, सर."

"तिला कुणापासून धोका आहे? ती कराडमध्ये पलंगावर पडून आहे."

"मला समजतंय, सर."

"मग तो सर्व्हर एक तास चालू करा. एकच तास. मी इथेच दुकानात बसलोय दोन्ही फोन घेऊन."

"तो सर्व्हर आता अस्तित्वातच नाही, सर. या मॉडेलवर इम्प्लांट वापरणारे जगात तीनशे बारा लोक होते. त्यातल्या दोनशे नव्व्याण्णव जणांनी मुदतीत फोन बदलला."

म्हणजे आम्ही तेरा जण उरलो होतो. बाकीच्या बारा जणांची काय अडचण होती कोण जाणे. "मुदतीत का बदलला नाही, सर?" असं तिने तक्रार नोंदवताना विचारलं. तिच्या पडद्यावर तशी एक चौकट होती. म्हाळ होता, असं त्या चौकटीत काय लिहिणार? मी म्हणालो, घरगुती कारण.

घरी आलो. फोन पलंगाजवळच्या स्टँडवर लावला. दिवा हिरवा झाला आणि ती लगेच म्हणाली, "कुठाय नवा?"

मी शालनला चहा करायला पाठवलं आणि खुर्ची ओढून बसलो. आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं, कारण हिच्याशी खोटं बोलायचा मला सराव नाही. चौदा नोव्हेंबरही सांगितलं. तिचा चेहरा हलत नाही, त्यामुळे तिला काय वाटलं हे बोलल्याशिवाय कळत नाही.

मग म्हणाली, "म्हाळाचं जेवून गेले सगळे, आणि जाताना माझं तोंड घेऊन गेले."

"तुझी काही चूक नाही," मी म्हणालो. "मी जायला पाहिजे होतं."

"हो. जायला पाहिजे होतं."

नऊ वर्षांत मला तिचा राग आला तो त्या एका वाक्यावर. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो. ती मागून म्हणाली, "अहो, या इकडे. चहा आला असेल."

डॉक्टर सबनीसांना पुण्याला जाऊन भेटलो. ते आता थकलेत, पण माझ्यासाठी आले. म्हणाले, नवा फोन कोरा आहे, त्याला शिकवायचं तर तोंडातला शब्द लागतो. निदान जीभ थोडी तरी हलावी लागते. आता जोडी लावायची कशाची कशाशी? "आणि डोळ्यांनी?" मी विचारलं. त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. अक्षरांचा तक्ता दोन वर्षांपूर्वीच सोडावा लागला होता. एका शब्दाला पाऊण तास लागायचा आणि पापणी मध्येच मिटायची. आता तिचा फक्त उजवा डोळा वर जातो. वर गेला म्हणजे हो, नाही गेला म्हणजे नाही. तेही ती दमलेली नसली तर.

ग्राहक मंचाकडे अर्ज केला, त्यांनी जानेवारीतली तारीख दिली. आमदारांच्या कार्यालयात गेलो, तिथल्या माणसाने सहानुभूतीने सगळं ऐकलं आणि स्वतःचा जुना फोन काढून म्हणाला, "सर, माझ्याही फोनला अपडेट येत नाही." मी नमस्कार करून बाहेर पडलो.

ऋतुजा मात्र बोलली. "बाबा, मी तुम्हाला सांगितलं होतं. पक्ष? तुम्ही? अहो, तुम्ही विज्ञान शिकवलंत आम्हाला." फोन स्पीकरवर होता, मी मान खाली घालून ऐकत होतो. मग पलंगावरून स्टँडवरचा आवाज आला, "ऋतुजा, बास. त्यांना बोलू नको. मी म्हटलं होतं." मग ऋतुजा रडायला लागली, आणि उज्ज्वलाने तिला दिवाळीला कुठल्या गाडीने यायचं ते सांगितलं.

एकदा मी हात चालवून पाहिला. फोनची तारीख मागे नेली, सप्टेंबरमध्ये. वाटलं, शिक्का ताजा दिसेल. पण टिकलीला स्वतःचं घड्याळ आहे. तिने फोनची तारीख पाहिली, स्वतःची पाहिली, आणि संशय येऊन दार लावून घेतलं. फोनवर लाल अक्षरं आली, 'सुरक्षा तपासणी चालू आहे'. दोन तास. ते दोन तास मी पलंगाशेजारी घामाघूम होऊन बसलो होतो आणि ती माझ्याकडे बघत होती. हिरवा दिवा लागला तेव्हा ती म्हणाली, "परत हात लावू नका. दोन तास गेले माझे."

त्यानंतर मी पेचकस कपाटात ठेवून दिला. तीस वर्षं पोरांना सांगत आलो की माणसाने बनवलेली वस्तू माणसाला उघडता येते. ते आता खरं राहिलेलं नाही.

दिवाळीला नातेवाईक आले. शेवटचं बोलणं ऐकायला म्हणून जरा जास्तच आले. कुणी म्हणालं आशीर्वाद द्या, कुणी ते मोबाइलवर रेकॉर्ड करायला लागलं. तिने पहिल्या दिवशी सहन केलं. दुसऱ्या दिवशी तिच्या धाकट्या जावेने विचारलं, "वहिनी, मनात काही राहिलंय का?" तर म्हणाली, "माझी निळी पैठणी तुझ्याकडे राहिलीय." त्यानंतर गर्दी कमी झाली.

भाऊबीज झाली, ऋतुजा रडून रडून नाशिकला गेली, आणि सकाळी उज्ज्वला म्हणाली, "वही आणा. पेन चालतंय का बघा."

"काय लिहायचंय?"

"प्रश्न. चौदा तारखेनंतर मी फक्त हो-नाही म्हणणार. म्हणजे तुम्ही विचाराल तेवढंच मला बोलता येणार. आणि तुम्हाला काय विचारायचं ते कधी सुचतं का? पस्तीस वर्षांत सुचलं नाही. मीच सांगते."

मग आठवडाभर, सकाळी दहा ते बारा, ती सांगायची आणि मी लिहायचो. एक, खिडकी लावू का. दोन, कुशीवर करू का. तीन, नळी टोचतेय का. चार, शालन काही लपवतेय का. पाच, ऋतुजाला फोन लावू का. मी मध्येच म्हणालो, यात माझ्या जेवणाचं कुठे आहे? रोज ती विचारायची, जेवलात का. ती म्हणाली, "ते मी विचारलंय असं समजायचं आणि आपण होऊन सांगायचं. खरं सांगायचं. बिस्किटं म्हणजे जेवण नव्हे." मी तेही लिहून घेतलं, नंबर न टाकता.

काही प्रश्न असे होते की लिहिताना मला हसू यायचं. एकोणीस, तुझ्या देखत त्या बाईची स्तुती करू नको का. कुठली बाई ते तिला माहीत, मला माहीत. काही असे होते की माझा हात थांबायचा. अठ्ठावीस, भीती वाटतेय का. एकोणतीस, हात धरून बसू का. आम्ही दोघं असल्या भाषेत कधी बोललो नव्हतो. तिने ते एसटीचं वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं.

बारा तारखेला बासष्ट प्रश्न झाले. मी म्हणालो, झालं?

"अजून एक. त्रेसष्ट. आता पुरे का?"

मला कळलं, पण मी म्हणालो, "काय पुरे? वारा?"

"श्वासाचं मशीन. सगळं. डॉक्टरांना विचारून ठेवलंय मी, दोन वर्षांपूर्वीच. कागदही केलेत. ऋतुजाला ठाऊक आहे."

"मी नाही लिहिणार."

"लिहा."

"उज्ज्वला, नको."

"अहो," ती म्हणाली. "नऊ वर्षांत मोडलं नाहीत. लिहा."

मी लिहिलं. अक्षर इतकं वाकडं आलं की माझं मलाच वाचता येईना. मग तिनेच ते परत नीट लिहायला लावलं.

चौदा तारखेला मी सकाळपासून तिच्याजवळ होतो. शालनला सुट्टी दिली होती. मी धरून चाललो होतो की रात्री बारापर्यंत वेळ आहे. संध्याकाळी ऋतुजाला फोन लावायचा, मग आम्ही दोघंच बसायचं, असं ठरलं होतं. दुपारी मी तिला पेपर वाचून दाखवत होतो. कुठल्याशा गावच्या सरपंचाची बातमी होती. ती म्हणाली, "पुरे तो पेपर. अहो, वहीतला तो शेवटचा प्रश्न आहे ना, तो"

आणि हिरवा दिवा गेला. फोनवर ओळ आली, 'या फोनची जोडणी संपली आहे. आमच्यासोबत राहिल्याबद्दल धन्यवाद.' भिंतीवरच्या घड्याळात दीड वाजला होता. कंपनीच्या देशात त्या क्षणी चौदा तारीख सुरू झाली होती. एक्केचाळीस पानांत कुठेतरी तेही असेल.

मी फोन हलवला, बंद केला, चालू केला. तिच्या डोक्याजवळ नेला. मूर्खासारखं फोनला म्हणालो, अरे बोल ना. ती माझ्याकडे बघत होती. मी विचारलं, "तो काय? काय म्हणत होतीस?" पण हे विचारून उपयोग नव्हता, याचं उत्तर हो किंवा नाही असं नाही.

आता जानेवारी आहे. ग्राहक मंचाने पुढची तारीख एप्रिलची दिलीय. कंपनीकडून एक पत्र आलं, त्यात नव्या मॉडेलवर सवलत आहे. आमचं तसं चाललंय. सकाळी दहाला मी वही घेऊन बसतो, एकपासून सुरू करतो. खिडकी लावू का. कुशीवर करू का. तिचा डोळा कधी वर जातो, कधी नाही. शालन लपवतेय का, याला तो हमखास वर जातो. मी काय जेवलो ते सांगतो. अठ्ठावीस विचारतो. एकोणतीस न विचारताच करतो. वहीत नसलेले प्रश्नही करून बघतो, आणि दिवसभर डोकं खाजवून जेमतेम दोन सुचतात. तिच्या डोक्यात आत्ता काय काय चाललंय, त्यातलं मी किती विचारतो हा हिशोब मी करत नाही.

बासष्टपर्यंत येतो आणि वही मिटतो.

तिला तो प्रश्न खोडायला सांगायचा होता, की विसरू नका असं सांगायचं होतं, मला माहीत नाही. 'खोडू का?' एवढं विचारता येतं. हो-नाहीचाच प्रश्न आहे. पण डोळा वर गेला नाही, तर मग त्रेसष्टावा विचारावा लागेल, आणि तिथे तो वर गेला तर मला फोन करून डॉक्टरांना बोलवावं लागेल. म्हणून मी विचारत नाही. नऊ वर्षांत तिचं एक वाक्य मोडलं नव्हतं, आता रोज एक मोडतो.

काल मात्र असं झालं, की बासष्टावा प्रश्न झाला, तिने नाही म्हटलं, आणि मी पान उलटलं. वही मिटायची सोडून उलटलं, का कोण जाणे. त्या पानावर तेवढी एकच ओळ आहे. मी तिच्याकडे पाहिलं. तिची नजर वहीवर होती.

तिचा डोळा वर गेला. अगदी वर, आणि तिथेच राहिला.

मी काही विचारलंच नव्हतं. मी उठलो आणि खिडकी लावली.